कोळशाच्या खोऱ्यांतील गायिका



मोठ्या माणसांचीं चरित्रें सांगण्याची एक ठराविक रीत आहे. मूल गरिबाच्या घरीं जन्मास येतें. अंगावर धड वस्त्र नसतें, पोटाला पुरेसें अन्न नसतें. पण तें कष्ट करतें, संकटांपुढें डगमगत नाहीं, आणि शेवटीं कीर्तीच्या शिखरावर जाऊन पोंचतें. क्रमिक पुस्तकांतील असा धडा संपला कीं खालीं प्रश्न असतो, 'या गोष्टीपासून काय बोध घ्याल?' उत्तरही ठरलेलेंच असतें : दारिद्र्य ही माणसाची खरी शाळा होय. शाळामास्तरकींत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या कानांवर हें उत्तर इतक्या वेळां पडलेलें असतें कीं, तें एकदां नीट पारखून घ्यावें असें वाटतें. आज ज्या बाईची हकीकत मी सांगणार आहें, तिचें आयुष्य या परीक्षेला फार सोयीचें आहे.

लोरेटा लिन् हें तिचें नांव. अमेरिकेंत ज्याला 'कंट्री' संगीत म्हणतात, त्यांतील विसाव्या शतकांतल्या अगदीं पहिल्या प्रतीच्या गायिकांत तिची गणना होते. तिचें माहेरचें नांव लोरेटा वेब. संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी या संस्थानाच्या पूर्वेस ॲपलेशियन डोंगरांचा मुलूख आहे. तेथें बुचर हॉलो नांवाच्या ठिकाणीं १४ एप्रिल १९३२ रोजीं तिचा जन्म झाला. 'हॉलो' म्हणजे दोन डोंगरांच्या मधली अरुंद घळ. जवळचें गांव व्हॅन लिअर. तें एका कोळसा कंपनीनेंच वसविलेलें. त्या काळीं अशा वसाहतींतून खाण कंपनीची, राहण्याचीं घरें कंपनीचीं आणि वाणसामानाचें दुकानही कंपनीचेंच, असा प्रकार असे. मजुरीचा कांहीं भाग कंपनीच्या बिल्ल्यांच्या रूपानें मिळे आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानांत चालत. उजव्या हातानें दिलेलें डाव्या हातानें परत घेण्याचा हा व्यवहार होता.

लोरेटाचा बाप टेड वेब हा खाणींत काम करी आणि उरलेल्या वेळांत डोंगर उतारावरील तुकडाभर जमीन कसून कांहींबाही पिकवी. आठ भावंडांत लोरेटा दुसरी. लांकडी खोपटाच्या फटींतून वारा आंत येई. तो अडविण्यासाठीं तिची आई क्लॅरा भिंतींना जुन्या वर्तमानपत्रांचे व मासिकांचे कागद चिकटवी. त्या कागदांत चित्रपटांतील नट्यांच्या तसबिरी असत. त्यांतील लोरेटा यंग नांवाच्या नटीची तसबीर आईला आवडली आणि तिचें नांव तिनें मुलीला ठेविलें. मुलीचें शिक्षण आठव्या इयत्तेच्या पुढें गेलें नाहीं.

आतां, अशा घळींत वाढणाऱ्या मुलीच्या कानांवर बाहेरच्या जगांतलें संगीत पडावें कसें? याचें उत्तर आपल्याला, म्हणजे रेडिओसमोर बसलेल्या मंडळींना, विशेष जिव्हाळ्याचें वाटेल. बापानें फिल्को कंपनीचा एक रेडिओ घरीं आणला. वीज नव्हती; यंत्र बॅटरीवर चाले आणि बॅटरी जपून वापरावी लागे. शनिवारची रात्र मात्र ठरलेली. त्या रात्रीं टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहराच्या डब्ल्यू. एस. एम्. केंद्रावरून 'ग्रँड ओल ऑप्री' नांवाचा कार्यक्रम होई. हें केंद्र १९२५ सालीं एका विमा कंपनीनें काढलें आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हा कार्यक्रम सुरू झाला. केंद्राच्या नांवांतील तीन अक्षरें 'आम्ही लक्षावधींचें रक्षण करतों' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होतीं. गाणीं ऐकून श्रोत्यांचा लोभ जडला म्हणजे कंपनीच्या दलालाला त्यांच्या घरीं पाऊल टाकणें सोपें होई, हा त्यांतला हिशेब. लोरेटा जन्मली त्याच १९३२ सालीं या केंद्राची शक्ति ५०,००० वॅटपर्यंत वाढविण्यांत आली, आणि रात्रीच्या वेळीं त्याचा आवाज शेंकडों मैल दूरच्या घळीघळींतून ऐकूं येऊं लागला. विम्याचा धंदा वाढावा म्हणून केलेली ही खटपट. पण तिचें एक फळ असें आलें कीं, एका खाणकामगाराच्या मुलीला गाण्याची शाळा घरबसल्या मिळाली.

या संगीताविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्रिटन व आयर्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांनीं बरोबर आणलेलीं कथागीतें आणि फिडल, व आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा बँजो आणि त्यांची ब्लूज गायकी, या दोन्ही प्रवाहांच्या मिश्रणांतून तें तयार झालें. शहरांतील लोक त्याला 'हिलबिली' म्हणजे डोंगरी अडाण्यांचें गाणें म्हणून हिणवीत. धंदेवाईक याद्यांतून हा शब्द जाऊन 'कंट्री' हा शब्द रूढ व्हावयास १९४९ साल उजाडावें लागलें. शिवाय या क्षेत्रांत पुरुषांचेंच वर्चस्व होतें. 'बिलबोर्ड' या व्यापारी पत्राच्या कंट्री गीतांच्या यादींत एकट्या स्त्रीनें गाइलेलें गाणें पहिल्या क्रमांकावर आलें तें १९५२ सालीं. ती गायिका किटी वेल्स. लोरेटाला ती गुरुस्थानीं वाटे.

परंतु हें पुढचें झालें. त्यापूर्वींच लोरेटाचें लग्न होऊन गेलें होतें. १० जानेवारी १९४८ रोजीं तिनें ऑलिव्हर लिन् या सैन्यांतून परतलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाशीं विवाह केला. येथें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें क्षणभर थांबावें असा एक मुद्दा आहे. लग्नाच्या वेळीं आपण चौदाही पुरे नव्हतों असें लोरेटा पुढें सांगत असे. तिच्या आत्मचरित्रांतही तसेंच आलें, चित्रपटांतही तसेंच दाखविलें गेलें, आणि तीच गोष्ट जगभर पसरली. २०१२ सालीं वार्ताहरांनीं जन्माचे व विवाहाचे सरकारी कागद बाहेर काढले, तेव्हां ती त्या दिवशीं पंधरा वर्षें नऊ महिन्यांची होती असें ठरलें. गायिकेनें आपलें वय दोन-तीन वर्षांनीं कमी सांगावें यांत नवल नाहीं. पण कागदांनीं दिलेली हकीकत दंतकथेहून कांहीं कमी कठोर आहे काय? पंधराव्या वर्षीं लग्न, त्याच वर्षाच्या अखेरीस पदरीं मूल, आणि माहेरापासून दोन हजारांहून अधिक मैलांवर, कॅनडाच्या सरहद्दीजवळील कस्टर नांवाच्या खेड्यांत संसार, एवढें सत्य पुरेसें आहे.

कस्टर येथें तिनें दुसऱ्यांच्या शेतावर राबून, स्ट्रॉबेरी तोडून आणि परक्या घरचें रांधून दिवस काढले. एकामागून एक चार मुलें झालीं. मुलांना निजवितांना ती गाई तें नवऱ्याच्या कानीं पडे. १९५३ सालीं त्यानें १७ डॉलर देऊन तिला एक गिटार आणून दिली. ती वाजवावयास तिला कोणी शिकविलें नाहीं. काम आटोपल्यावर तिची तीच शिकली. या नवऱ्याचें चित्र रंगवितांना बाईनें पुढें कांहीं लपविलें नाहीं. त्याची दारू, त्याचे बाहेरचे नाद, घरांतील मारामाऱ्या, सारें तिनें लिहून ठेविलें आहे. आणि 'तूं गाऊं शकतेस' असें प्रथम म्हणणारा, चारचौघांत उभें राहून गाण्यास तिला भाग पाडणारा माणूसही तोच, हेंही तिनें तितक्याच स्पष्टपणें नमूद केलें आहे. चरित्रकाराला सोयीचीं वाटतात तशीं निव्वळ काळीं किंवा निव्वळ पांढरीं माणसें खऱ्या संसारांत भेटत नाहींत.

आसपासच्या पानगृहांतून ती गाऊं लागली. एका टेलिव्हिजनच्या कार्यक्रमांत तिचें गाणें नॉर्म बर्ली नांवाच्या लांकडाच्या व्यापाऱ्यानें ऐकलें. त्यानें नव्यानेंच काढलेल्या 'झीरो' नांवाच्या लहानशा कंपनीतर्फें १९६० सालीं तिची पहिली तबकडी निघाली. गाणें तिचें स्वतःचेंच, 'हाँकी टाँक गर्ल'. विपन्नावस्थेंत पानगृहाचा आश्रय घेतलेल्या एका स्त्रीचें. कंपनीजवळ जाहिरातीला पैसा कोठला असणार? नवऱ्यानेंच बायकोचा फोटो काढला. दोघांनीं घरीं बसून पाकिटें बांधलीं, प्रत्येकांत तबकडी आणि फोटो घातला आणि तीं देशभरच्या रेडिओ केंद्रांना टपालानें पाठविलीं. मग एका जुनाट मोटारींत बसून दोघें निघालीं. गांव आलें कीं रेडिओचा मनोरा शोधावयाचा, केंद्रांत शिरावयाचें आणि तबकडी वाजविण्याची विनंति करावयाची. झोंपही मोटारींतच. ही फेरी फुकट गेली नाहीं. त्या उन्हाळ्यांत गाणें 'बिलबोर्ड'च्या यादींत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलें, आणि १५ ऑक्टोबर १९६० रोजीं, ज्या कार्यक्रमासाठीं घरची बॅटरी जपून ठेवीत, त्याच 'ग्रँड ओल ऑप्री'च्या रंगमंचावर लोरेटा लिन् उभी राहिली.

ऐकावयास बाप मात्र नव्हता. खाणकामानंतर टेड वेब कुटुंब घेऊन इंडियाना संस्थानांत गेला होता आणि १९५९ सालीं, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षीं वारला. कोळशाच्या धुळीनें त्याचीं फुप्फुसें आधींच निकामी होत आलीं होतीं. मुलीची एकही तबकडी त्यानें ऐकली नाहीं.

नॅशव्हिलमध्यें आल्यावर लोरेटाबाईंना मोठी मैत्रीण लाभली ती पॅट्सी क्लाइन. १९६१ सालीं पॅट्सी मोटारीच्या अपघातांत जबर जखमी होऊन रुग्णालयांत पडली होती. त्या वेळीं लोरेटाबाईंनीं रेडिओवर तिचेंच एक गाणें गाऊन तें तिला अर्पण केलें. पॅट्सीनें तें अंथरुणावरून ऐकलें आणि नवऱ्याला पाठवून या अनोळखी बाईला बोलावून घेतलें. रंगमंचावर कसें वावरावें, पोषाख कसा करावा, व्यवहारांत कोणाला कसें तोंड द्यावें, हें तिनें शिकविलें. आपले कपडेही दिले. ५ मार्च १९६३ रोजीं विमान कोसळून पॅट्सी मरण पावली. पुढच्या वर्षीं लोरेटाबाईंना जुळ्या मुली झाल्या, त्यांतील एकीचें नांव त्यांनीं पॅट्सी ठेविलें.

येथपर्यंतची हकीकत ही भाग्योदयाची हकीकत झाली. तशा इतरही आहेत. लोरेटाबाईंचें वैशिष्ट्य यापुढें दिसतें. त्या काळीं नॅशव्हिलमध्यें स्त्रीनें गावयाचीं गाणींही बहुतेक पुरुषच रचीत, आणि त्यांतील स्त्री विरहानें झुरणारी तरी असे किंवा क्षमा करणारी तरी. लोरेटाबाई आपलीं गाणीं आपण रचूं लागल्या. दारू पिऊन घरीं येणाऱ्या नवऱ्याला दार बंद करणारी बायको त्यांनीं गाण्यांत आणली. १९६६ सालीं निघालेलें हें गाणें पुढील वर्षाच्या आरंभीं पहिल्या क्रमांकावर आलें, आणि तो मान त्यांना प्रथमच मिळाला. त्याच १९६६ सालीं, व्हिएतनाममधील युद्ध चालू असतां, सरकारला पत्र लिहून आपला नवरा परत मागणाऱ्या स्त्रीचें गाणें त्यांनीं गाइलें. १९७२ सालीं घटस्फोटितेकडे समाज कोणत्या नजरेनें पाहतो, याविषयीं गाइलें. हे विषय स्वयंपाकघरांत, विहिरीवर, शेजारणींच्या कुजबुजींत नेहमींचेच होते. गाण्यांत मात्र त्यांना मज्जाव होता.

यांतील कळस म्हणजे 'द पिल' हें गाणें. संततिनियमनाच्या गोळीला अमेरिकेंत १९६० सालीं सरकारी मान्यता मिळाली होती. दरवर्षीं पाळणा हालविणाऱ्या एका बाईला ती गोळी हातीं आल्यावर वाटणारी सुटका, हा या गाण्याचा विषय. तें १९७२ सालीं मुद्रित झालें, पण कंपनीनें तें बाहेर काढलें १९७५ सालीं. अनेक रेडिओ केंद्रांनीं तें वाजविण्याचें नाकारलें. कांहीं धर्मोपदेशकांनीं व्यासपीठावरून त्याचा निषेध केला. ज्या रेडिओनें या बाईला घळींतून वर आणलें, त्याच रेडिओनें आतां तिच्या तोंडावर हात ठेविला. तरीही तबकडी खपली, आणि गाणें कंट्री यादींत पांचव्या क्रमांकापर्यंत गेलें. लहानपणीं लग्न होऊन एकापाठोपाठ एक मुलांना जन्म दिलेल्या सहा मुलांच्या आईनें तें गाइलें होतें. ऐकणाऱ्या बायकांना त्याची खूण पटल्यावांचून कशी राहील?

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचें नांव 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे खाणकामगाराची मुलगी. तें १९७० सालच्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालें. बापाचे कष्ट, आईचें कपडे धुणें, घळींतलें घर, यांची ती साधी वर्णनवार यादी आहे. मूळ गाणें याहून लांब होतें. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनीं बरींच कडवीं काढावयास लाविलीं. डिसेंबरांत गाणें पहिल्या क्रमांकावर आलें. आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस केंटकींतील हायडन गांवाजवळच्या खाणींत स्फोट होऊन ३८ कामगार ठार झाले. खाणकामगारांच्या सुरक्षिततेचा आणि धुळीनें फुप्फुसें निकामी झालेल्यांना साहाय्य देण्याचा मोठा कायदा बरोबर एक वर्षापूर्वीं, ३० डिसेंबर १९६९ रोजींच संमत झाला होता! एकीकडे खाणकामगाराच्या मुलीचें गाणें घरोघर वाजत होतें, आणि दुसरीकडे अडतीस घरांतील मुलें पोरकीं झालीं होतीं. लोरेटाबाई गाण्याचा मान घेऊन स्वस्थ बसल्या नाहींत. पुढच्या वर्षीं लुइव्हिल शहरीं जलसा करून त्यांनीं मृतांच्या मुलांसाठीं निधि जमविला.

पुढील मानसन्मान थोडक्यांत सांगतों. १९७२ सालीं कंट्री म्यूझिक असोसिएशनचा वर्षांतील सर्वश्रेष्ठ कलावंताचा बहुमान त्यांना मिळाला. तो मिळविणारी ही पहिली स्त्री. १९७६ सालीं जॉर्ज व्हेक्सी या पत्रकाराच्या साहाय्यानें आत्मचरित्र निघालें. १९८० सालीं त्यावर चित्रपट झाला आणि त्यांत लोरेटाबाईंची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेक यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. बाईंच्या वांट्याला दुःखेंही आलीं. १९८४ सालीं वडील मुलगा नदींत बुडाला, १९९६ सालीं नवरा गेला. तरी बाहत्तराव्या वर्षीं, २००४ सालीं, जॅक व्हाइट या नातवाच्या वयाच्या संगीतकाराबरोबर 'व्हॅन लिअर रोझ' हा संग्रह काढून त्यांनीं दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळविलीं. संग्रहाच्या नांवांत गांव तेंच, कोळसा कंपनीनें वसविलेलें. २०१३ सालीं राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हें सर्वोच्च नागरी पदक मिळालें. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं, टेनेसींतील हरिकेन मिल्स येथें राहत्या घरीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. या बाईला दारिद्र्यानें वर आणलें काय? दारिद्र्यच जर गुरु असतें, तर त्या घळींतून प्रत्येक पिढींत शेंकडों गायिका, शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी निपजावयास पाहिजे होते. निपजले ते बहुतांशीं खाणकामगार आणि खाणकामगारांच्या बायका. दारिद्र्यानें टेड वेबचीं फुप्फुसें नेलीं, मुलीची शाळा तोडली, खेळण्याच्या वयांत तिच्या कडेवर मूल दिलें. त्याच्या नांवावर जमा धरण्यासारखें फारसें कांहीं आढळत नाहीं. तिला वर आणणाऱ्या गोष्टी मोजूं गेल्यास त्या अगदीं लहान लहान आणि नांवें घेण्यासारख्या आहेत : भिंतीवर चिकटविलेला छापील कागद, बॅटरीवरचा एक रेडिओ, सतरा डॉलरांची गिटार, लांकडाच्या व्यापाऱ्यानें गांठचे पैसे घालून काढलेली एक तबकडी, रुग्णशय्येवरून पुढें आलेला एका मैत्रिणीचा हात. यांतील एखादी वस्तु हुकली असती, तर आज आपण लोरेटा वेब हें नांव ऐकलेंही नसतें. आवाज मात्र तोच असता.

बाईंचें स्वतःचें कर्तृत्व कोणतें, असें विचाराल तर तें गरिबींतून निसटण्यांत तितकेंसें नाहीं. निसटून गेल्यावर ती झांकून ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो. गरिबीचें कौतुक करून ती गोड करून दाखविण्याचा मोह त्याहूनही मोठा. लोरेटाबाईंनीं वयाच्या बाबतींत थोडी हातचलाखी केली खरी, पण गाण्यांत केली नाहीं. बापाचे कष्ट, आईचे हात आणि बायकांचें मुकाट्यानें सोसणें यांना त्यांनीं आहे तसें उभें केलें, आणि तें सांगण्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं असें ऐकणाऱ्या लक्षावधि स्त्रियांना वाटूं लागलें.

तेव्हां अशा चरित्रापासून घ्यावयाचा बोध मुलांनीं घ्यावा त्याहून अधिक आपण मोठ्यांनीं घ्यावा, असें मला वाटतें. कष्ट करा म्हणजे वर याल, हें गरिबाच्या मुलाला निराळें सांगावें लागत नाहीं. कष्ट तें करीतच असतें. त्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणीं एखादें पुस्तक, एखादें वाद्य, एखादें उघडें दार आपण ठेविलें आहे कीं नाहीं, एवढें पाहणें आपल्याकडे आहे.